गोव्यातील खासगी बस: आधी ॲप की आधी किलोमीटरचा करार?

साखळीचा प्रवासी:
मी रोज साखळीहून माशेल, बाणस्तारीमार्गे पणजीला बसने जातो. माशेलला बस जागा भरेपर्यंत उभी राहते आणि तिथे गेलेला वेळ भरून काढण्यासाठी पुढे ती इतकी वेगात हाकली जाते की उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांना दांडा सोडता येत नाही. याचा दोष मी चालकाला देत नाही. त्याची आणि मालकाची कमाई त्या दिवशी गोळा झालेल्या तिकिटांवर ठरते, त्यामुळे मागच्या बसचे प्रवासी आपल्याकडे ओढणे हाच त्याचा धंदा होऊन बसतो. दक्षिण कोरियातील सोल शहरातही खासगी कंपन्यांची अशीच चढाओढ होती. 2004 साली तेथील महापालिकेने मार्ग आणि वेळापत्रक स्वतःच्या हातात घेतले, भाड्याचे सगळे पैसे कार्डाद्वारे एकत्र जमा केले आणि कंपन्यांना धावलेल्या किलोमीटरनुसार मोबदला देण्यास सुरुवात केली. प्रवासी कोणाच्या बसमध्ये चढला याला महत्त्वच उरले नाही, आणि शर्यतीचे मूळ कारण तिथेच संपले. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या सवलतीसाठी आंदोलन झाले आणि त्यानंतर 1980 साली गोवा सरकारचे कदंब परिवहन महामंडळ उभे राहिले. खासगी बस कदंबच्या छत्राखाली आणण्याची ‘म्हजी बस’ योजनाही आली. माझे म्हणणे असे की साखळी–पणजी या एकाच मार्गावरील सर्व बस, एकही न वगळता, सहा महिने किलोमीटरच्या दराने चालवून पाहाव्यात. अर्ध्या बस करारात आणि अर्ध्या बाहेर राहिल्या तर शर्यत तशीच चालू राहील.

म्हापशाचा अभियंता:
आपले निदान बरोबर आहे, पण क्रम मला पटत नाही. करार करायला वर्षे लागतात, माहिती मात्र उद्या देता येते. 2019 पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या प्रवासी बसमध्ये स्थान दाखवणारे यंत्र आणि संकटसमयी दाबायचे बटण असणे केंद्राच्या नियमानुसार बंधनकारक आहे, म्हणजे यंत्रे काही प्रमाणात गाड्यांत आधीच आहेत आणि त्यांतील माहिती प्रवाशापर्यंत पोहोचत नाही. वेळापत्रक आणि थांबे सर्वांना वापरता येतील अशा एका ठरावीक साच्यात प्रसिद्ध करण्याची पद्धत 2005 च्या सुमारास अमेरिकेतील पोर्टलंड शहरातून सुरू झाली; दिल्लीने 2018 मध्ये आपल्या बसची माहिती अशीच खुली केली. एकदा माहिती खुली झाली की कोणीही तिच्यावर ॲप तयार करू शकतो, सरकारला ते स्वतः बांधावे लागत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला येणाऱ्या माणसाला परतीची बस किती वाजता सुटेल हे नक्की कळले, तर तो शेजाऱ्याच्या स्कूटरची वाट पाहत बसणार नाही. गोव्यात घरटी दोन-दोन दुचाकी आहेत त्या हौसेपोटी नाहीत, बस केव्हा येईल याची खात्री नसल्यामुळे आहेत.

वाळपईची शिक्षिका:
सत्तरी तालुक्यातील कितीतरी वाड्यांवर फोनला रेंज नसते आणि माझ्या वर्गातील मुलांच्या आज्यांकडे तर स्मार्टफोनही नाही. आमचा प्रश्न बस कुठे पोहोचली हा नसून संध्याकाळची शेवटची फेरी निघणार की नाही हा आहे. प्रवासी कमी दिसले की ती फेरी न सांगता रद्द होते आणि शिकवणीला गेलेली मुलगी रस्त्यावर उभी राहते. थांब्यावर रंगाने लिहिलेले वेळापत्रक आणि ते पाळले जाईल याची हमी, एवढे आम्हाला आधी द्या.

फोंड्याचा बसमालक:
माझ्या दोन बस आहेत. डिझेल, विमा, टायर आणि कर्जाचा हप्ता यांपैकी काहीही प्रवासी आले नाहीत म्हणून थांबत नाही. रिकामी फेरी मालक का टाळतो, हे बाईंनी एकदा माझ्या जागी उभे राहून पाहावे. किलोमीटरच्या दराला माझा विरोध दोन कारणांनी आहे. आज तिकिटाचे पैसे रात्री माझ्या हातात येतात. उद्या ते दुसऱ्याच्या खात्यात गेले आणि माझे बिल तीन महिने अडकले, तर हप्ता कोण भरणार? एका अनुदानाच्या बाबतीत हा अनुभव मी घेतला आहे. दुसरे कारण प्रवाशांच्याच हिताचे आहे. प्रवासी घेतला काय आणि न घेतला काय, मोबदला तोच मिळणार असेल, तर थांब्यावर हात दाखवणाऱ्या म्हातारीसाठी गाडी थांबवायची निकड चालकाला वाटणार नाही. आज तो निदान धावत जाऊन तिची पिशवी वर घेतो.

साखळीचा प्रवासी:
तुमचे दुसरे कारण माझ्या लक्षात आले नव्हते आणि ते अगदी खरे आहे. त्यावर लंडनने काढलेला मार्ग असा: 2001 पासून तेथील करारांत थांब्यावरील प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा सरासरी किती जास्त ताटकळावे लागले हे मोजले जाते, आणि त्यानुसार कंपनीला बक्षीस मिळते किंवा तिची रक्कम कापली जाते. आपण यात न थांबता पुढे गेलेल्या थांब्यांची आणि न निघालेल्या शेवटच्या फेरीची कपात जोडावी. वाळपईसारख्या मार्गावर ही दुसरी कपात पहिलीपेक्षा जड असावी. हे मोजण्यासाठी अभियंत्यांनी सांगितलेले यंत्र लागेलच, म्हणून ते नको असे मी म्हणत नाही. पण करार नसताना तेच यंत्र भरण्यासाठी ताटकळलेली बस नकाशावर अचूक दाखवण्यापलीकडे काही करू शकणार नाही. पहिल्या कारणाबाबत माझी सूचना अशी की भाड्याचे पैसे वेगळ्या बँक खात्यात जमा व्हावेत आणि त्यातून मालकाला दर शनिवारी मोबदला मिळावा, सरकारची भर उशिरा आली तरी हा पहिला हिस्सा थांबू नये.

म्हापशाचा अभियंता:
तरीही मी सांगेन की नकाशावर ताटकळलेली बस दिसू लागली, तर तिच्याविषयी प्रश्न विचारणारे शेकडो लोक तयार होतील. आज तुमच्या तक्रारीला कसलाही पुरावा नाही. करार मागायलाही आधी हीच नोंद हातात लागेल.

फोंड्याचा बसमालक:
दर शनिवारी पैसे मिळण्याची अट करारात लेखी असेल आणि पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किंवा झाड आल्यामुळे झालेल्या उशिराची कपात होणार नसेल, तर दोनपैकी एक बस मी फोंडा–पणजी मार्गावर सहा महिने अशी चालवून पाहीन. दुसरी मात्र जुन्याच पद्धतीने चालेल. एकही बस न वगळण्याची तुमची अट त्यामुळे मोडते हे मला कळते, पण दोन्ही गाड्यांचे हप्ते एकाच नव्या प्रयोगावर मला टांगता येत नाहीत.