बर्फावर ‘झळ’ म्हणावे का?

सिंहगडरोड : हिमप्रदेशावरच्या लेखात ‘संक्षोभामुळे दृश्यमानता घटते’ असे वाक्य केले आहे (संक्षोभ म्हणजे हवेतली अनियमित खळबळ, टर्ब्युलन्स). चालेल? आणि बर्फावर दूरच्या वस्तू हलताना दिसतात, त्याला ‘झळ’ म्हणू का?

शिवाजीनगर : वाक्य चुकले आहे. हवामानाच्या नोंदीत दृश्यमानता म्हणजे गडद वस्तू जास्तीत जास्त किती अंतरावरून ओळखू येते ते अंतर. ते घटवतात धुके, धूळ, हिमकण. संक्षोभ प्रकाश खात नाही, नुसता इकडेतिकडे वाकवतो. डोंगर दिसतोच, त्याची कड तेवढी लवलवते. ‘बिंब अस्थिर होते’ लिहा. मात्र जोराच्या वाऱ्यातला संक्षोभ पडलेले हिम उचलतो, तेव्हा दृश्यमानता खरोखरच घटते. विमानतळांच्या अहवालात 2 मीटरखाली राहते ते ‘सरपटते हिम’, वर जाते ते ‘उडते हिम’ समजा.

पर्वतीपायथा : झळ अंगाला लागते, महागाईचीही लागते. शब्दात ताप आहे. उणे 20 अंशांत झळ म्हणजे विनोदच! पण डांबरी रस्त्यावर दिसते तेच ना हे?

शिवाजीनगर : कारण तेच, मांडणी उलटी. तापमान 1 अंशाने बदलले की हवेच्या अपवर्तनांकात (हवा प्रकाश किती वाकवते ते सांगणाऱ्या अंकात) साधारण दहा लाखांत एक एवढाच फरक पडतो, पण किलोमीटरभराच्या दृष्टिरेषेत तो साठत जातो. सोलापूर रस्त्यावर मे महिन्यात गरम हवा खाली असते, ती उसळते, किरण वर वाकतात आणि पुढे पाणी साचल्यासारखे दिसते. हिमाचे तापमान 0 अंशावर चढू शकत नाही, त्यामुळे त्यावर बहुधा थंड, जड हवा बसून राहते. किरण खाली वाकतात आणि क्षितिजाआडचेही वर येते. 1597 च्या जानेवारीत आर्क्टिकमधल्या नोवाया झेमल्या बेटांवर अडकलेल्या डच खलाशांना लांब ध्रुवीय रात्रीनंतरचा सूर्य अपेक्षेपेक्षा सुमारे दोन आठवडे आधीच दिसला, तो यामुळेच.

वारा पूर्ण पडला तर बिंब ताणलेले पण स्थिर. मंद वारा थर ढवळू लागला की थरथर. ढगाळ, वादळी दिवशी थरांतला फरकच पुसला जातो आणि बिंब शांत होते (उडते हिम नसेल तर!). म्हणून थिओडोलाइटची (मोजणीत कोन मोजायच्या दुर्बिणीची) दृष्टिरेषा पृष्ठभागाला घासून नेऊ नये, निदान मीटरभर वर ठेवावी.

सिंहगडरोड : मग हिमावर सगळे पांढरेच दिसते ते ‘व्हाइटआऊट’ही संक्षोभातच मोडते?

शिवाजीनगर : नाही. तिथे हवा स्वच्छ असूनही ढगांखालच्या पसरट उजेडात सावल्या नाहीशा होतात, चढ-उतार कळत नाही. 28 नोव्हेंबर 1979 ला अंटार्क्टिकात एरेबस पर्वतावर विमान आदळून 257 जण गेले, तेव्हा समोरचा उतार वैमानिकांना असाच दिसला नाही. ‘शुभ्रांध’ वगैरे घडवण्यापेक्षा ‘व्हाइटआऊट’ ठेवा.

पर्वतीपायथा : थरथरीला ‘लवलव’ घ्या, गवताच्या पात्यालाही चालतो. आणि शीर्षकात ‘बर्फ’ आहे तिथे ‘हिम’ करा. बर्फ गोळेवाल्याकडे मिळतो.