'कन्स्ट्रक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता_
फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 1969 सालापाशी अडलेय. त्या वर्षीचं कन्स्ट्रक्टर्सचं (चालकाचं नव्हे, गाडी घडवणाऱ्याचं) विजेतेपद 'मात्रा-फोर्ड'ला मिळालं. मी 'निर्माता' लिहिलं, संपादकांनी 'उत्पादक' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. चालक जॅकी स्टुअर्टची ती एमएस80 गाडी बांधली फ्रान्सच्या मात्रा कंपनीने. इंजिन घडवलं कॉसवर्थने, पण पैसा फोर्डचा म्हणून नाव फोर्डचं. गाडी शर्यतीत उतरवायचा केन टिरेलचा इंग्लंडमधला संघ. यातला निर्माता कोण?

शब्दवेल्हाळ
'निर्माता' नकोच. आपल्याकडे निर्माता म्हणजे नाटक-सिनेमात पैसा घालणारा. त्या अर्थाने फोर्डच निर्माता ठरेल! 'बांधणीकार' घ्या. जहाजाची बांधणी आपण म्हणतोच की.

गिअरबॉक्स
'बांधणीकार' आजवर कुणाच्या तोंडी ऐकलाय? शर्यती बघणारी मुलं सरळ कन्स्ट्रक्टर म्हणतात, तेच लिहा. आणि संपादक अगदीच चुकलेले नाहीत. 1958 मध्ये हा किताब सुरू झाला तेव्हा त्याच्या नावात 'मॅन्युफॅक्चरर्स' असंच होतं. पहिला मान व्हॅनवॉलचा. मालक टोनी व्हँडरवेल, मूळ धंदा बेअरिंगचा. बेअरिंगचं नाव 'थिनवॉल', मालकाचं व्हँडरवेल, दोन्ही जोडून व्हॅनवॉल. म्हणजे हाडाचा उत्पादकच.

शब्दवेल्हाळ
बेअरिंगचा उत्पादक, मान्य. पण शर्यतीच्या गाड्या त्याने बाजारात विकायला काढल्या नव्हत्या. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या गाड्या घडवणाऱ्याला उत्पादक म्हणणं हा शब्दावर अन्याय आहे. रूढ नाही म्हणून शब्द टाकायचा तर 'महापौर' कधी रुळला असता?

वैदर्भी
आमच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, हे सगळे वेगवेगळे असतात. हाकणारा धुरकरी, जोडीचा मालक वेगळा, छकडा घडवणारा सुतार आणखी वेगळा. नाव पुकारतात ते मालकाचं. सुताराला कोण विचारतो?

गिअरबॉक्स
फॉर्म्युला वनमध्ये नेमकं उलट आहे, गुण सुताराला! 1960 ची मोनॅकोची शर्यत घ्या. स्टर्लिंग मॉस जिंकला, गाडी लोटस कंपनीची 18, पण संघ रॉब वॉकरचा खाजगी. तरी लोटसचा पहिला विजय म्हणून नोंद तीच. लोटसच्या स्वतःच्या संघाला पुढच्या वर्षी अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला इनेस आयर्लंडने पहिला विजय मिळवून दिला. म्हणून 'संघ' हा शब्द मात्र चुकूनही वापरू नका. मराठी पेपर सर्रास 'सांघिक विजेतेपद' छापतात, ते वाचून तळपायाची आग मस्तकात जाते.

मुक्ता_
वैदर्भी, धुरकरी फार आवडला. पण गाडीचा नेमका कुठला भाग बनवला की कन्स्ट्रक्टर? 1970 मध्ये टिरेलने मार्च नावाच्या कंपनीकडून चॅसी विकत घेतली आणि स्पेनमधला विजय लागला मार्चच्या नावावर. मग 'चॅसी'ला तरी काय म्हणू? सांगाडा?

जुनं_गॅरेज
चासी म्हणा, चासी! ट्रकवाल्यापासून आरटीओच्या एजंटापर्यंत सगळे चासीच म्हणतात. नंबरावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की आकडे उमटतात, त्याला 'चासी प्रिंट' म्हणतात. 'सांगाडा प्रिंट' म्हणून बघा, कुणी फॉर्म घेणार नाही.

शब्दवेल्हाळ
गॅरेजात चालतं ते लेखात चालेलच असं नाही. सांगाडा म्हटलं की हाडं डोळ्यांपुढे येतात आणि जुन्या गाड्यांत नळ्यांची जाळी तशीच असायची. शब्द चपखल आहे.

गिअरबॉक्स
1962 पर्यंत चपखल. त्या वर्षी लोटसच्या कॉलिन चॅपमनने लोटस 25 मध्ये नळ्यांची जाळीच काढून टाकली आणि पत्र्याचं कवच हाच गाडीचा कणा केला. मोनोकॉक. त्यातलं 'कॉक' म्हणजे फ्रेंचमध्ये टरफल. हाडं बाहेर, मांस आत, खेकड्यासारखं. तिथे सांगाडा कसा म्हणणार?

शब्दवेल्हाळ
मग 'कवचबांधणी' म्हणा. बघा, आली की नाही बांधणी!

जुनं_गॅरेज
मारुती 800 लाही वेगळी चासी नव्हती, पत्र्याची बॉडीच सगळा भार घ्यायची. तरी चासी नंबर होताच. वस्तू गेली म्हणून शब्द कुठे जातो? कवचबांधणी नंबर कुणी विचारणार नाही.

वैदर्भी
पण खेकड्याच्या पाठीला आमच्याकडे कवच नाही, 'कवटी' म्हणतात. बाकीच्यांकडे काय म्हणतात?