मदत हवी आहे: व्हिडिओत मीटरचे आकडे अर्धे गायब, आणि व्हिडिओ आटोपतच नाही

ओहम_नाशिक
नमस्कार. मोबाइल चार्जर तपासण्याचे छोटे मराठी व्हिडिओ करतोय. मीटरचे आकडे डोळ्यांना नीट दिसतात, रेकॉर्डिंगमध्ये मात्र अर्धेच येतात, कधी अख्खा आकडा गायब. दुसरं म्हणजे कितीही कापलं तरी व्हिडिओ १४ मिनिटांच्या खाली येत नाही, मला तो ३ मिनिटांत हवाय. नेमकी कुठली सेटिंग बदलू? रविवारी टाकायचाय, लवकर सांगा.

तात्या_रिपेअर
मीटर एलसीडीचा की लाल एलईडीचा? खोलीत दिवा कसला? शूटिंग कशावर? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

अनघा_के
आधी कॉलर माइक घ्या. चित्र थोडं अंधुक असलं तर लोक चालवून घेतात, पण आवाज घुमला की लगेच बंद करतात. मी माइक घेतला तेव्हापासून माझे पाककृतींचे व्हिडिओ लोक शेवटपर्यंत बघतात.

ओहम_नाशिक
ताई, आवाज ठीक आहे, अडचण आकड्यांची आहे.
तात्या, मीटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक लोड आहे (चार्जरमधून ठरवू तेवढा करंट खेचून आकडे दाखवणारं यंत्र), लाल आकड्यांचा. अँड्रॉइड मोबाइल, वर रिंगलाइट. कॅमेरा सगळा ऑटोवर.

मिलिंद_बेंच
मग कारण उघड आहे. लाल डिस्प्लेमधले आकडे एकाच वेळी पेटलेले नसतात. सर्किट एकेक आकडा आळीपाळीने पेटवतं, इतक्या भराभर की आपल्याला सगळे एकदम दिसतात. रिंगलाइटच्या उजेडात मोबाइल स्वतःहून शटर वेगवान करतो, आणि तेवढ्याशा वेळात त्याला एखाददुसराच आकडा पेटलेला सापडतो.

व्हिडिओ प्रो मोडवर घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) खाली आणा. तरीही पांढरंफटक आलं तर रिंगलाइट मंद करा किंवा लांब न्या, कारण बहुतेक मोबाइलच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही. १/५० चा आणखी एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० किंवा १/१०० शटरला चित्रावर सरकणारे पट्टे येत नाहीत, १/६० ला येतात.

ओहम_नाशिक
माझ्या प्रो मोडमध्ये फक्त फोटो आहे, व्हिडिओ नाही!

मिलिंद_बेंच
ब्लॅकमॅजिक कॅमेरा अॅप फुकट आहे, त्यात शटर हाताने ठरवता येतं. मात्र सगळ्या अँड्रॉइडवर चालत नाही, तुमच्यावर चालतं का बघा.

तात्या_रिपेअर
आता लांबीचं बोलू. १४ मिनिटांत आहे तरी काय?

ओहम_नाशिक
चार्जर उघडणं, जोडणी, मग ०.५, १ आणि २ अँपिअर लोड, ऑसिलोस्कोपवर (स्कोपवर) रिपल, म्हणजे आउटपुट व्होल्टेजची बारीक चढउतार, आणि अर्धा तास पूर्ण लोडवर ठेवून तापमान. शेवटी निकाल.

रोहिणी_एडिट
निकाल उचलून पहिल्या १० सेकंदांत आणा: "हा २ अँपिअर लिहिलेला चार्जर दीडलाच कोसळतो." ज्याला पुरावा बघायचाय तो थांबेल. पुढचं सगळं आधी लिहून काढा आणि आवाज नंतर द्या. मी मिनिटाला सव्वाशे शब्द धरते, म्हणजे ३ मिनिटांना पावणेचारशे. हात चालवता चालवता बोललेलं कधीच आटोपशीर होत नाही.

तात्या_रिपेअर
मला हे पटत नाही. टेस्टिंगचा व्हिडिओ कापला की संशय येतो, मधे चार्जर बदलला नाही कशावरून? सलग दाखवा, भले लांब होऊ दे.

रोहिणी_एडिट
तात्या, सलग अर्धा तास कोण बघणार? तापमानाच्या भागात चार्जर, लोडचे आकडे आणि एक घड्याळ एकाच चौकटीत ठेवायचं आणि १२० पट वेगाने पळवायचं. ३० मिनिटांचे १५ सेकंद होतात, घड्याळाचे काटे सगळ्यांना दिसतात. कापायची ती वाट बघणं. मोजणं कापायचं नाही.

तात्या_रिपेअर
घड्याळ दिसणार असेल तर मान्य.

विद्युत_काका
मूळ प्रश्नाचं नाही, पण बोललंच पाहिजे. चार्जर उघडता आणि स्कोप लावता म्हणालात. मेनवर चालणाऱ्या स्कोपची ग्राउंड क्लिप आतून अर्थला जोडलेली असते. ती चार्जरच्या २३० व्होल्टच्या बाजूला लागली तर थेट शॉर्ट. रिपल फक्त आउटपुटवर मोजा. आणि आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो, प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो.

तात्या_रिपेअर
सिरीज बल्ब लावायचा, म्हणजे मेन आणि चार्जरच्या मधे एक बल्ब, झालं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळे तेच करतात.

विद्युत_काका
सिरीज बल्ब करंट आवरतो, माणसाला मेनपासून वेगळं करत नाही. झटका बसायचा तो बसतोच. त्यासाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तुमचं बघून पोरं घरी हेच करणार, म्हणून हे एक वाक्य व्हिडिओतही घाला.

सचिन_पी
आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल का? नाशिकहून मुंबई जवळ की पुणे?

मिलिंद_बेंच
सचिन, वेगळा धागा काढा.
ओहम, रिपल दाखवताना स्कोपवर २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा लावा, म्हणजे त्यावरचा गोंगाट गाळला जातो, आणि प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून छोटी स्प्रिंग वापरा. रिंगलाइट एकदा बंद करूनही बघा, त्याच्या अॅडॅप्टरचा गोंगाट प्रोबमध्ये शिरतो आणि खापर बिचाऱ्या चार्जरवर फुटतं.

ओहम_नाशिक
अॅप चाललं. १/५० ला सगळे आकडे ठणठणीत! रिंगलाइट बंद केल्यावर रिपलही कमी दिसला, तो भाग परत घेतला. निकाल पुढे आणला, तापमान पळवलं. आता सव्वाचार मिनिटं आहेत. यूट्यूब शॉर्ट्समध्ये टाकायचाय, म्हणून ३ च्या आत हवाच. जोडणी उडवू की रिपल?

रोहिणी_एडिट
शॉर्ट्स हे आधी सांगायचं ना! ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटं चालतात, पण चौकट उभी किंवा चौकोनी हवी. स्कोपचा आडवा पडदा उभ्या चौकटीत एवढासा होतो. त्याचा वेगळा क्लोजअप घ्या आणि वरच्या अर्ध्यात बसवा, खाली लोडचे आकडे. जोडणीचा व्हिडिओ काढून टाका, त्याजागी नावं लिहिलेला एक फोटो ४ सेकंद ठेवा. रिपल ठेवाच, फक्त स्कोपच्या जाळीतल्या एका चौकोनाला किती मिलिव्होल्ट ते पडद्यावर वाचता आलं पाहिजे.