मुंबई–धडगाव : विमानाचा तास आणि पुढची वाट

कुणीतरी विचारलंय, मुंबईहून धडगाव (नंदुरबार जिल्हा) विमानाने किती वेळ? त्यावर एकाने "जळगावला उतरा, तासाभरात" असं सांगितलंय. जळगावपर्यंत ते बरोबर आहे. पण नकाशावर सरळ रेघ मारून बघा : मुंबई ते जळगाव साधारण ३५५ किमी, मुंबई ते धडगाव ३३५ च्या आसपास. म्हणजे जळगावला उतरून तुम्ही जवळ येत नाही, बाजूला जाता. तिथून चोपडा, शिरपूर, शहादा करत पुन्हा दोनशेक किमी रस्ता आहेच. सुरतचा विमानतळ हवाई अंतराने धडगावपासून जळगावइतकाच दूर आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी धरत नाही.

माझं मत विचाराल तर विमान सोडा. रात्रीची खान्देश एक्स्प्रेस सुरतमार्गे नंदुरबारला सोडते (रोज नसते, वार बघून घ्या). पुढे तळोद्याहून चांदसैली घाट. पावसाळ्यात तिथे दरड कोसळते, तेव्हा शहाद्याकडून जा आणि निघण्याआधी गावात फोन करून रस्ता विचारा.

नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या पाड्यांचा हिशोब तर वेगळाच. तिथे आजारी माणसाला आणायला बोट अॅम्ब्युलन्स लागते. अशा ठिकाणचं अंतर किलोमीटरात सांगू नका, तासांत सांगा.