गुडघा दुखतो, मग व्यायाम मांडीला का? आईला कसं समजावू?

आई ६८ वर्षांची. आयुष्यभर जमिनीवर विळी घेऊन बसली. अजूनही बसते, पण उठायचं म्हटलं की पंचाईत. एक हात फडताळाला, दुसरा गुडघ्यावर, मग "आई गं". बसतानाही शेवटची वीतभर धप्पकन खाली. जिना बऱ्यापैकी चढते; उतरताना मात्र कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, झीज वयाच्या मानाने थोडीच आहे. फिजिओने व्यायाम दिला: हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठबस. चार दिवस केलं आणि सोडलं. म्हणते, "गुडघा माझा दुखतोय नि व्यायाम मांडीला? उद्या डोकं दुखलं तर पायाला बाम चोळशील!"

खरं सांगायचं तर मलाही उत्तर देता येत नाही. आणि जोर तर चढताना जास्त लागतो ना, मग त्रास उतरताना का? नेटवरची चित्रं दाखवली, तर म्हणाली, खाटकाच्या दुकानातलं काय दाखवतोस.

प्रतिसाद १
मी डॉक्टर नाही, पण स्वतःच्या गुडघ्यापायी फिजिओकडे पुष्कळ खेटे घातलेत. आईंनी आडाचं पाणी शेंदलं असेल तर काम सोपं आहे. मांडीच्या पुढच्या अंगाला चार स्नायू असतात. खाली त्यांची मिळून एक जाड कंडरा होते, ती वाटीवरून नडगीच्या वरच्या टोकाला जाऊन चिकटते. मांडी म्हणजे ओढणारा हात, कंडरा म्हणजे दोर, वाटी म्हणजे कप्पी. हातातच जोर नसेल तर नुसत्या कप्पीने पोहरा वर येईल का?

आता उतरण्याचं. भरलेला पोहरा हळूहळू खाली सोडून बघा, हात भरून येतात. उतरताना वरच्या पायरीवरचा पाय वाकत जातो आणि अख्ख्या अंगाचा भार त्याच मांडीने तोलून धरायचा असतो. ती ताणलीही जात असते आणि ब्रेकही लावत असते. त्यात गुडघा वाकलेला, म्हणजे वाटी मांडीच्या हाडावर चांगलीच दाबली जाते. चढताना निदान कुल्ल्याचे स्नायू हातभार लावतात. तुमचं ते "धप्पकन" म्हणजे शेवटी दोर हातातून सुटणं.

प्रतिसाद २
खुर्ची बुटकी आहे का? सतरंजीची घडी घालून बैठक चार बोटं उंच करा. गुडघा कमी वाकतो, उठणं सोपं जातं. पावलं मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं, मग उठायचं. ताठ बसून उठू गेलं तर कुणालाच जमत नाही, करून बघा. मात्र गुडघा सुजला, गरम लागला किंवा मध्येच अडकला, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर.

मूळ धागाकर्ता
दोघांचे आभार. सतरंजी घातल्यावर सहा वेळा उठली, फडताळाला हात न लावता. आडाचा दाखला तर लगेच पटला. पण आता म्हणते, "आमच्या आडाची कप्पी कुरकुरली की दादा तेल घालायचे. मग गुडघ्याला तेल लाव की, व्यायाम कशाला?"

यावर काय बोलू?