नव्या आवृत्तीनं अडवलेलं काम: व्हिडिओ संकलकांचे अनुभव

व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यात काय काय नवं आहे हे सांगणारे व्हिडिओ पहिल्याच दिवशी निघतात. त्याच आवृत्तीनं कुणाकुणाचं चालू काम अडवलं, हे मात्र एका जागी कुठे वाचायला मिळत नाही. ते गोळा व्हावं म्हणून हा धागा काढतोय. तुम्ही काय बनवता, काय बिघडलं, ते लक्षात कसं आलं आणि शेवटी मार्ग काय काढलात, हे मोकळेपणानं लिहा. फक्त स्वतःवर बेतलेल्या प्रसंगात कंपनीचं नाव नको. नाव आलं की कुठलं सॉफ्टवेअर भारी यावर वाद पेटतो आणि मूळ दुखणं बाजूला राहतं.

सुरुवात मी करतो. मी मुलाखतींवर आधारलेले माहितीपट संकलित करतो. क्रॅशचा मला फारसा राग येत नाही. क्रॅश झाला की कळतं, ऑटोसेव्हमधली मागची प्रत उघडता येते, काम पुढे सरकतं. मला धास्ती वाटते ती गुपचूप होणाऱ्या चुकीची. एका नव्या आवृत्तीत टाइमलाइनवर (क्लिप क्रमानं मांडतात त्या पट्टीवर) सगळं स्वच्छ दिसत होतं, एक्स्पोर्ट विनातक्रार पूर्ण झालं, आणि तयार फाइलमध्ये मधल्याच काही फ्रेम हिरव्या चौकोनांनी भरलेल्या निघाल्या. एक बाई आपल्या गेलेल्या भावाबद्दल बोलत होत्या, नेमकं तिथे. ते आधी निर्मात्यानं पाहिलं, मग मी. शोधता शोधता कळलं की हार्डवेअर एन्कोडिंग (एन्कोडिंग म्हणजे व्हिडिओ आकुंचित करून फाइल बनवणं) बंद करून सॉफ्टवेअर एन्कोडिंग निवडलं की दोष जातो. म्हणजे ग्राफिक्स चिपकडून एन्कोडिंग करून घेताना गडबड होत होती. मार्ग मिळाला, पण एक्स्पोर्टचा वेळ कितीतरी वाढला. आता तयार झालेली प्रत्येक फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत पाहिल्याशिवाय मी पाठवत नाही. दीड तासाचा माहितीपट असेल तर दीड तास. हा वेळ कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

येऊ द्या तुमचे अनुभव.

कलर ग्रेडिंग करणारी

मी दृश्यांचे रंग जुळवते. माझा अनुभव एका छोट्याशा खिडकीचा आहे. नवी आवृत्ती पहिल्यांदा उघडली की ती विचारते, जुना प्रोजेक्ट अपग्रेड करायचा का? ‘हो’ म्हटलं की परतीची वाट बंद. नव्या आवृत्तीत साठवलेला प्रोजेक्ट जुन्या आवृत्तीत उघडत नाही, हे या क्षेत्रात जवळपास सगळीकडे असंच आहे. एका लघुपटाच्या मध्यावर दिग्दर्शकाच्या संगणकावर अपग्रेड झालं आणि तिथून आलेला प्रोजेक्ट मला उघडेना. म्हणून मीही नवी आवृत्ती घेतली, तर तिच्यात नॉइज रिडक्शन (अंधारातल्या चित्रावरचे दाणे घालवणारा इफेक्ट) लावलेल्या शॉटवर प्रोग्रॅम गोठायला लागला. संपूर्ण लघुपट रात्रीच्या दृश्यांचा होता. नॉइज रिडक्शन नाही असा शॉट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

मागे फिरायचं तर एक्सएमएल (संकलनाची साध्या मजकुरातली नोंद) काढून जुन्या आवृत्तीत न्यायचं. त्यातून कट येतात, साधे डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं येणं) येतात. ग्रेडिंग येत नाही. नोड (रंगबदलाचा एकेक टप्पा), मास्क (चित्रातला ठरावीक भाग वेगळा करणं), ट्रॅकिंग (तो भाग हलला की त्याच्या मागे जाणं) सगळं पुन्हा. दोन आठवड्यांत जमवलेला चेहऱ्यांचा रंग पुन्हा नव्यानं शोधायचा, आणि तो अगदी तसाच परत सापडत नाही. हे मला आजही लागतं.

अपग्रेड करण्याआधी मूळ प्रोजेक्टची प्रत सॉफ्टवेअरनंच आपोआप काढून ठेवायला काय हरकत आहे? काही ठिकाणी तशी सोय आहे. ती सगळीकडे सक्तीची हवी.

ऑनलाइन गणित शिकवणारी शिक्षिका

मी व्यावसायिक संकलक नाही. शिकवताना पडद्याचं रेकॉर्डिंग करते, चुकलेले भाग कापते आणि व्हिडिओ मुलांना देते. नव्या आवृत्तीनंतर माझा आवाज आणि पडद्यावरची पेनाची हालचाल यांची फारकत व्हायला लागली. सुरुवातीला ठीक, मग हळूहळू अंतर वाढत जायचं. मुलं म्हणायची, बाई, तुम्ही उत्तर आधी सांगता आणि पायरी नंतर लिहिता. गणितात पायरी महत्त्वाची, त्यामुळे हे मनाला फार लागलं.

कारण असं निघालं: स्क्रीन रेकॉर्डर आणि मोबाइल बऱ्याचदा स्थिर फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) ठेवत नाहीत, गरजेनुसार कमीजास्त करतात. जुनी आवृत्ती ते सांभाळून घ्यायची, नवी ते सरासरीवर मोजत होती. शिकवण्याची सवय म्हणून साधं गणितही मांडते. २९.९७ फ्रेमच्या व्हिडिओला कुणी ३० चं समजलं तर फरक हजारात एकाचा. नगण्य वाटतो. पण तासाभराच्या तासाला तो साडेतीन सेकंदांच्या वर जातो, आणि ओठांच्या हालचालीत तर सेकंदाचा दहावा भागही खटकतो. आता प्रत्येक रेकॉर्डिंग आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून स्थिर फ्रेम रेटवर बदलून घेते. हे शिकायला मला कुणीच सांगितलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या शिक्षकांकडे ते शोधत बसायला वेळ नसतो.

उपशीर्षकं आणि शीर्षकपट्ट्या करणारा

आपल्या लिपीबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

नवी आवृत्ती आली की मी सर्वांत आधी तिच्यात एकच गोष्ट टाइप करतो: ‘शक्ति, विद्यार्थी, दृष्टी, कर्तृत्व, क्षत्रिय’. हे पाच शब्द नीट उमटले तर पुढे जायचं. देवनागरीत ‘कि’ टाइप करताना आधी ‘क’ येतो आणि मग वेलांटी, पण दिसताना वेलांटी डावीकडे जायला हवी. जोडाक्षरात ती अख्ख्या जोडाक्षराच्या आधी जायला हवी, रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर चढायला हवा. हे काम अक्षरं जुळवणाऱ्या इंजिनाचं असतं. शीर्षकाचं टूल नव्यानं लिहिताना ते इंजिन बदललं किंवा जोडायचं राहिलं की ‘विद्यार्थी’चा पाय मोडतो, वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, ‘शक्ति’मध्ये क आणि त सुटे पडतात. काही सॉफ्टवेअरमध्ये सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय वेगळा निवडावा लागतो, आणि अपडेटनंतर तो पुन्हा मूळपदावर गेलेला मला आढळलाय.

माझ्याबाबतीत घडलं ते असं. एका मालिकेचे आधीचे भाग जुन्या आवृत्तीत झाले होते. नव्या आवृत्तीत तोच प्रोजेक्ट उघडल्यावर शीर्षकं ‘रूपांतरित’ झाली आणि शेकडो पट्ट्यांमधली जोडाक्षरं सुटली. इंग्रजी पट्ट्या मात्र जशाच्या तशा. तक्रार नोंदवली तर फॉन्ट बदलून पाहा असं उत्तर आलं. फॉन्टचा दोषच नव्हता, तोच फॉन्ट त्याच संगणकावर लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये अचूक दिसत होता. अखेर सगळ्या पट्ट्या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये बनवून पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी म्हणून आणल्या. एक शुद्धलेखन सुधारायचं तर पुन्हा चित्र काढायचं.

कोट्यवधी लोक ज्या लिपीत वाचतात ती लिपी प्रकाशनाआधीच्या चाचणीत नसावी, याचं मला खरंच दुःख होतं. चाचणीला पाच शब्द पुरतात. वर दिलेत, कुणीही घ्यावेत.

बातम्यांचं संकलन करणारा

थोडक्यात. डेडलाइन तासाभरावर, अपडेटनं कीबोर्डचे शॉर्टकट बदललेले, प्लेबॅक अडखळतोय. प्लगइन (वरून जोडलेली जादा टूल) एकेक करून काढल्यावर जुना ट्रान्झिशन पॅक दोषी निघाला. आमच्याकडे आता आपोआप अपडेट बंद आहे.

अशा सॉफ्टवेअरच्या चाचणी विभागात काम केलेली

सगळं वाचलं, आणि प्रत्येक तक्रार रास्त आहे. तरी आतली बाजू सांगते.

संकलनाचं सॉफ्टवेअर एकटं चालत नाही. खाली ऑपरेटिंग सिस्टीम, ग्राफिक्स चिप चालवणारा ड्रायव्हर, प्रत्येक कॅमेऱ्याचा निराळा कोडेक (व्हिडिओ आकुंचित करण्याची पद्धत), वर इतर कंपन्यांचे प्लगइन. चाचणी विभागाकडे कितीही संगणक असले तरी या जोड्या संपत नाहीत. माहितीपटवाल्या दादांचे हिरवे चौकोन एका ठरावीक ड्रायव्हरवरच दिसत असण्याची शक्यता मोठी आहे. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं २०१९ मध्ये अशा कामांसाठी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर वेगळे काढले, ते याच दुखण्यापायी.

दुसरं कारण तारखेचं. एप्रिलमध्ये लास व्हेगासला एनएबी आणि सप्टेंबरमध्ये ॲमस्टरडॅमला आयबीसी ही प्रसारणाच्या तंत्राची मोठी प्रदर्शनं भरतात, आणि नव्या गोष्टींच्या घोषणा त्या सुमारास होतात. तारीख आधी ठरते. काम मागे पडलं तर छाट चाचणीच्या दिवसांना लागते. मी ते जवळून पाहिलंय आणि विरोधही केलाय.

तक्रार करताना एक करा: अख्खा प्रोजेक्ट पाठवू नका. एक क्लिप, एक इफेक्ट, आणि दोष दिसेपर्यंतच्या पायऱ्या. जोडीला ड्रायव्हरचा क्रमांक आणि क्रॅशचा लॉग (सॉफ्टवेअरनं ठेवलेली नोंद). दोष आमच्या संगणकावर पुन्हा घडला तरच तो दुरुस्तीच्या यादीत वर सरकतो.

धागाकर्ता

ताई, एवढं मोकळेपणानं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तरी एक मुद्दा सोडवत नाही. जोड्या असंख्य आहेत हे मान्य, पण पाच मराठी शब्द उमटतात का हे पाहायला कुठलाही दुर्मीळ संगणक लागत नाही. दरमहा वर्गणी भरणाऱ्यानं चाचणीही करायची, पुरावाही गोळा करायचा आणि मुदतही सांभाळायची, हे न्याय्य नाही.

जुना संकलक

हे आजचं नाही. २०११ च्या जूनमध्ये ॲपलचं संकलनाचं सॉफ्टवेअर फायनल कट प्रो एक्स आलं तेव्हा त्यात आधीच्या फायनल कट प्रो ७ चे प्रोजेक्ट उघडत नव्हते आणि मल्टिकॅमही (अनेक कॅमेऱ्यांचं चित्रीकरण एकत्र कापायची सोय) नव्हता. अनेक कॅमेऱ्यांवर चित्रित होणारे कार्यक्रम ज्यांचं पोट होतं, त्यांनी काय करावं? मल्टिकॅम आला २०१२ च्या जानेवारीत. तोवर बरेच जण दुसरीकडे गेले होते. २०१७ मधला प्रसंग तर याहून गंभीर. ॲडोबीच्या प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या ११.१ आवृत्तीत मीडिया कॅश (कामापुरत्या बनणाऱ्या तात्पुरत्या फाइल) साफ करताना कॅशच्या फोल्डरबाहेरच्या फाइलही पुसल्या जाऊ शकत होत्या. पुढच्याच दुरुस्तीत ते बंद केलं, पण पुसलेलं चित्रीकरण दुरुस्तीनं परत येत नाही. म्हणून नवशिक्यांना मी सांगतो, मूळ चित्रीकरण आणि कॅश कधीही एकाच ड्राइव्हवर ठेवू नका, आणि मूळ चित्रीकरणाची दुसरी प्रत संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर असू द्या.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरणारी विद्यार्थिनी

माझ्याकडेही नव्या आवृत्तीनं प्रोजेक्ट उघडायला नकार दिला होता. फरक इतकाच की प्रोजेक्टची फाइल साध्या मजकुराची, एक्सएमएल असते. ती उघडून पाहिली तर एका इफेक्टची ओळ अर्धवट होती. तेवढा भाग काढला आणि प्रोजेक्ट उघडला. बग नोंदवला, तर दुरुस्ती करणाऱ्यानं स्वतः मला प्रश्न विचारले. बग इथेही भरपूर आहेत, पण माझी नोंद कुठपर्यंत पोचली ते मला दिसत होतं. तेवढ्यानंही माणसाला धीर येतो.

कॅमेरा आणि संकलन दोन्ही करणारा

सगळे म्हणतात जुन्या आवृत्तीवर राहा. माझा नवा कॅमेरा दहा बिट, ४:२:२ एचईव्हीसी (रंगाची जास्त माहिती ठेवणारा, खूप आकुंचित केलेला प्रकार) देतो आणि त्याच्या फाइल जुन्या आवृत्तीत उघडतच नाहीत. नव्या आवृत्तीत उघडतात, पण मल्टिकॅममध्ये कोन बदलला की आवाज जातो. काय करू?

धागाकर्ता

चालू काम जुन्या आवृत्तीतच ठेवा. कॅमेऱ्याच्या फाइल एफएफएमपेग या रूपांतराच्या टूलनं प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संकलनाला सोप्या प्रकारांत बदलून घ्या, दहा बिटचा प्रकार निवडा, नाहीतर रंगाची खोली जाईल. फाइल कितीतरी पट मोठ्या होतील, तेव्हा डिस्कवर जागा आधी पाहा. टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळेची खूण) आणि फाइलींची नावं तीच राहतील याची खात्री करा, म्हणजे पुढे दुरुस्ती आली की मूळ फाइल पुन्हा जोडता येतील. मल्टिकॅमच्या आवाजाचा दोष दोन छोट्या क्लिपवर घडवून बघा आणि चाचणीवाल्या ताईंनी सांगितलं तसा नोंदवा. इथेही पायऱ्या टाका, आम्ही आपापल्या संगणकावर करून पाहतो.