मदत हवी आहे: फोन सिस्टीमचं घड्याळ मागे पडतंय

मंडळी नमस्कार, महाप्याला एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, फोनसाठीचं फ्रीपीबीएक्स (ऑफिसचे कॉल सांभाळणारं सॉफ्टवेअर) व्हर्च्युअल मशीनवर चालतं, म्हणजे होस्ट कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी सर्व्हरवर. सर्व्हरचं घड्याळ हळूहळू मागे पडतं आणि मग सकाळी सगळे जागेवर येऊन चहा पीत असतात तरी कस्टमरला "ऑफिस बंद आहे" हीच टेप ऐकू येते, परवा साहेबांनी स्वतःच फोन लावून ऐकली, म्हणजे झालंच 😅

साडेपाच तासांचा फरक असता तर टाइमझोन यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) राहिलाय हे लगेच कळलं असतं, पण इथे मिनिटांचा घोळ आहे. गंमत म्हणजे डेस्कवरच्या फोनवर टाइम बरोबर दिसतो, कारण त्यांना डीएचसीपीच्या (नेटवर्क सेटिंग आपोआप देणाऱ्या सोयीच्या) ऑप्शन ४२ मधून टाइम सर्व्हर म्हणून राऊटरचा पत्ता मिळतो, त्यामुळे कोणाला पटतच नाही की घड्याळ चुकलंय. सर्व्हरवर एनटीपीक्यू (एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची पद्धत, तपासायची कमांड) चालवलं की रीच (उत्तरं येतायत का ते दाखवणारा आकडा) कायम ०, म्हणजे बाहेरून उत्तरच येत नाहीये. मला यूडीपी १२३ वर (एनटीपीच्या पोर्टवर) संशय आहे पण नेटवाला म्हणतो पोर्ट उघडाय.

तर हे नक्की अडतंय कुठे ते कसं पकडायचं? सर्व्हरलाही राऊटरकडूनच टाइम घ्यायला लावला तर चालेल ना? आणि होस्टचा टाइम सिंक आणि एनटीपी दोन्ही चालू असले तर एकमेकांत भांडतात का, कोणी निस्तरलंय का असं?